आमची लेक्चर्स आता जगाला खुली

बुधवार, १६ एप्रिल
अकरा वर्षांच्या तपश्चर्येला फळ आलं. विभागप्रमुख तेजस्विनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून स्वतःहून चहा विचारला. विद्यापीठ आपली लेक्चर्स रेकॉर्ड करून नेटवर साऱ्या जगाला फुकट देणार आहे. अर्थशास्त्राची चाळीस मी द्यायची. कायम नोकरीतल्या चारही प्राध्यापकांनी नकार दिला म्हणे. बिचाऱ्यांना कॅमेऱ्याची भीती वाटत असणार. मी तासिका तत्त्वावरचा, तासापुरता मास्तर. पण आता विद्यापीठाचा चेहरा होणार, आणि चेहऱ्याला कोणी तासावर ठेवतं का? जूनमध्ये मी कायम होणार हे उघड आहे. मॅडम तसं म्हणाल्या नाहीत. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.
संकल्प: रोज पाचला उठून वारज्याची टेकडी. पोट कमी करणे.

सोमवार, २१ एप्रिल
करारावर सही केली. सात पानं. रुपाली म्हणाली होती, आधी वाच. बायको हिंजवडीला एचआरमध्ये असली की घरात विश्वास म्हणून राहत नाही. मॅडमसमोर पानं उलटत बसणं बरं दिसतं का?
टेकडी उद्यापासून. शूज सापडले नाहीत.

सोमवार, ५ मे
शूटिंग सुरू. स्टुडिओ म्हणजे स्टेशनरीची जुनी खोली. खिडकी बुजवलेली. दिवे चार, पंखा बंद, कारण आवाज येतो. योगेश कॅमेरा चालू करून जातो आणि बाहेरून कडी घालतो, नाहीतर शिपाई मधेच डोकावतात. चष्मा चमकतो म्हणून काढायला लावला. केस काळे केले. मिशीही काढली. ब्लेझर मेव्हण्याचा. बटण लागत नाही, पण हल्ली कोण लावतं?
समोर एकही विद्यार्थी नाही. सवयीने तीनदा ‘समजलं का?’ विचारलं. कोणी नाही म्हणालं नाही.

बुधवार, ७ मे
लेक्चर तीन रुपालीला घरी म्हणून दाखवलं. वस्तू फुकट आणि हवी तेवढी मिळायला लागली की बाजारात तिला कोणी विचारत नाही, हा मुद्दा फार रंगला. रुपालीने तो परत म्हणायला लावला. म्हटलं. तिने विचारलं, समजलं का? मी म्हटलं, अगं मीच शिकवतोय. ती हात जोडून झोपायला गेली.

बुधवार, १४ मे
सासवडच्या कॉलेजातून इंटरव्ह्यूचा फोन. जागा कायम. पण तारीख उद्याची, आणि उद्या लेक्चर सतरा. मॅडमना ऐन वेळी तोंडघशी पाडणं माझ्या रक्तात नाही. शिवाय सासवड लांब पडतं. नकार कळवला. ऐकल्यावर रुपालीने सुरी खाली ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तत्त्वनिष्ठा पचायला वेळ लागतो. भाजी मी चिरली.

शुक्रवार, १६ मे
योगेश कडी घालून चहाला गेला तो दीड तास आला नाही. फोन बाहेर, दार साउंडप्रूफ. अजिबात घाबरलो नाही. एकदाच ओरडलो. तेही रेकॉर्ड झालंय, तो कापणार आहे.

सोमवार, १६ जून
आमची लेक्चर्स जगाला खुली! खाली माझं नाव नाही, नुसता विद्यापीठाचा लोगो. नावामुळे विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होतं. दोनशे बारा जणांनी पाहिली. त्यातले एकशे ऐंशी मी. उरलेले परदेशातलेही असू शकतात.
कायमचं पत्र अजून नाही. पोस्टाचं काही खरं नाही.

बुधवार, २ जुलै
लेक्चर्स तयार असल्याने यंदा अर्थशास्त्राला तासिकेवर माणूस नको, असं मॅडम म्हणाल्या. मी हसत राहिलो. वाटलं, आता कायम करण्याचं वाक्य येईल. आलं ते असं की वर्गात व्हिडिओ लावायला आणि हजेरी घ्यायला एक फॅसिलिटेटर हवाय. म्हटलं, मग माझी लेक्चर्स काढून घेतो. मॅडमनी शांतपणे करार पुढे सरकवला. पान पाच. ती माझी नाहीतच.
सासवडला फोन केला. जागा भरली. बाकी कॉलेजांच्याही नेमणुका संपल्या. जिन्यात रडू आलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू?
तरी फॅसिलिटेटर हा शब्द भारदस्त आहे. रुपालीला प्रमोशन म्हणून सांगितलं. तिने चहा केला.

गुरुवार, १० जुलै. गुरुपौर्णिमा
पहिला तास. पडद्यावर मी, काळ्या केसांचा, बिनचष्म्याचा; स्विचपाशी मी, केस पुन्हा पांढरे, चष्मा आणि मिशी परत. वर्गात चौसष्ट मुलं. दहाव्या मिनिटाला तनया नावाच्या मुलीने हात वर केला. मी धावलोच. शंका नव्हती. सर हळू बोलतात, स्पीड वाढवता का, असं विचारत होती. दुप्पट केला. आवाज चिमणीसारखा झाला, पण मुलं भराभर लिहून घेत होती.
तास पंचवीस मिनिटांत संपला. तनया थांबली. हातात कार्ड. बारावीत डोक्यावरून गेलेलं अर्थशास्त्र गेल्या महिन्यात नेटवर या सरांच्या लेक्चर्सनीच तिला कळलं, म्हणून इथे ॲडमिशन घेतली, म्हणाली. मग विचारलं, “ते सर कुठे बसतात?”
सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण मग तिने माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं असतं.
“ते कायम झाले,” मी म्हटलं. “दुसऱ्या कॉलेजात.”
तिला फार बरं वाटलं. कार्ड परत बॅगेत टाकलं. हाताने केलेलं होतं, वर पिवळी फुलं काढलेली. मी प्रोजेक्टर बंद केला.