उलटे आटे

१० जून
सर आज सगळ्या लॅबसमोर : "काँटॅक्ट खराब आहे तुझा. परत कर." चौथ्यांदा! झिंक ऑक्साइडची फिल्म, वर पॅलेडियमचे ठिपके, तेच काँटॅक्ट. हायड्रोजन सोडला की विजेचा रोध धाडकन उतरतो. सरांच्या मते हा माझा गबाळेपणा. वहीतले आकडे मलाच लाल रेघेनं खोडायला लावले. समासात सरांनी स्वतः लिहिलं, "काँटॅक्ट खराब. रद्द." खाली सही. पीएचडीचं चौथं वर्ष, आणि मला ठिपके लावता येत नाहीत म्हणे.

१२ जून
नवा सिलिंडर. रेग्युलेटर बसेना. सगळा राग पान्यावर काढला. सिलिंडर पोचवणारे उचगावचे रफिकभाई ओरडले, "आवं ताई, हायड्रोजनचं आटं उलटं असत्यात की! जोर कशाला लावताय? उलटं फिरवा." लगेच बसला. एवढं कसं विसरले.
मग दिवसभर तेच डोक्यात. चूक म्हणून खोडलं, तेच खरं असेल तर?

१६ जून
एकाच फिल्मवर अर्धे ठिपके सोन्याचे, अर्धे पॅलेडियमचे. हायड्रोजन सोडला. सोन्याखाली रोध ढिम्म. पॅलेडियमखाली उतरला. हवा दिली, हळूहळू परत चढला. खराब काँटॅक्ट असा आपोआप बरा होतो का, सर? पॅलेडियम हायड्रोजनचे रेणू फोडतं, सुटे अणू झिरपून खाली जातात, धातू ऑक्साइडला टेकतो तिथला रोध उतरवतात. मी एकटीच हसत बसले.

१९ जून
आलेख दाखवला. सर : "इंटरेस्टिंग." बास. एक शब्द.

२६ जून
याच निकालांचा परिषदेसाठीचा गोषवारा गेलासुद्धा. लेखक : एकटे सर. मी आभारात, "नमुने बनवण्यास साहाय्य." साहाय्य!! डोकं फुटायची वेळ. शिरोळला आईला फोन. "आणि तू गप बसलीस व्हय? त्वांड न्हाय तुला?"

२७ जून
सरांचा निरोप : पहिले आकडेही हवेत, वही आण. म्हणजे ते रद्द केलेले. लाल रेघेखाली नीट वाचता येतात, सरांची सहीसुद्धा.
वही दिली नाही. तेच पान उघडून समोर धरलं. "सर, गोषवाऱ्यात माझं नाव कुठं घालायचं?" आवाज चढलाच.
सरांनी वहीकडे हात पुढे केला. "सोमवारी बोलू. वही ठेवून जा."
मी वही घेऊनच आले.