शंभर वर्षांतून एकदा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२२ जुलै २०२१

चि. सोमेश,

अनेक आशीर्वाद. धाकट्या प्रेरणाचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून दुधाच्या टेम्पोवरच्या कृष्णातच्या हाती हे पत्र वारणानगरला धाडते आहे. तो दारात थांबेल. आधी वाच, मग काय रागवायचं ते रागव.

माझ्या वाचनालयात पुरावरच्या तुझ्या पुस्तकाला फार मागणी आहे. असणारच. नदीकाठी भराव टाकणाऱ्या बिल्डरनं फुकट वाटलेलं, अक्षर मोठं, मागं प्राध्यापक म्हणून तुझा फोटो. हवामानबदलावरचं ते दुसरं अठराशे रुपयांचं पुस्तक आम्ही वर्गणी काढून घेतलं. एकच प्रत, म्हणून समितीनं कपाटात ठेवलंय, घरी न्यायला मिळत नाही. त्यात नदीकाठच्या भरावांवर अख्खं प्रकरण आहे. तुझ्यात त्याची एक ओळ नाही. का नाही, ते मी विचारत नाही.

चिखलीत शिवपुत्रमामाकडेही तुझी प्रत आहे. एकोणीस सालासारखा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, या तुझ्या वाक्याखाली त्यानं पेनानं रेघ मारलीय. त्या पुराचं पाणी चढलं तिथं दुसरी रेघ भिंतीवर रंगानं ओढलेली आहे, ती येईल त्याला दाखवतो. "येऊन गेला की तो. आता आपल्या हयातीत न्हाय," म्हणतो.

पाणी त्याच्या पायरीला लागलंय आणि म्हशी अजून दावणीलाच आहेत. त्याच्या म्हशी उंचावरच्या माळाकडे निघाल्या की गल्ली निघते, हे तुला सांगायला नको. आज सगळी गल्ली त्याच्या गोठ्याकडे बघत बसली आहे.

मी फोनवर म्हटलं, "मामा, शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी तेवढाच धोका. एकदा येऊन गेला म्हणून टळत नाही. आणि पाऊस आता पहिल्यासारखा राहिलाय का?"

तो हसला. "तू पुस्तकं मांडतीस पोरी. त्यानं लिवलंय."

वर सगळे बरे आहोत असं लिहिलं, ते खरं नाही. आई तिथंच आहे. परवा मामाला घेऊन येते म्हणून गेली. त्यानं तुझं पान वाचून दाखवलं, तशी तीही तिथंच बसली. मला विचारते, "माझा सोमेश खोटं लिवंल व्हय?"

मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. मला तुझा संताप येतो सोमेश, पण तू खोटं लिहिलंस हे तिला माझ्या तोंडून कळावं असं वाटत नाही.

कृष्णातबरोबरच ये. चिखलीचा वरच्या अंगाचा रस्ता अजून चालू आहे. मामाला समजावत बसू नकोस, पहिल्या म्हशीचं दावं स्वतः सोड आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांग, की ते वाक्य चुकीचं आहे. बिल्डर काय म्हणेल ते नंतर बघू. टेम्पो रिकामा आला, तर मी त्याच टेम्पोनं चिखलीला जाऊन आईशेजारी बसणार आहे. तिला तिथं ठेवून मला इथं राहवणार नाही.

तुझ्या तोंडच्या एका वाक्यासाठी थांबलेली,
तुझी अक्का
विद्याश्री