भांड्यांवरची नावं

परभणी, ४ जून १९८६

प्रिय दादा,

जर्मनच्या परीक्षेत पास झाले. तुम्ही म्हणाल, पोरीचं डोकं फिरलं का, त्या परीक्षेत तर ती मागच्या वर्षीच पास झाली आणि बापानं पिंगळी गावभर पेढे वाटले. दादा, मागच्या वर्षी मी नापास झाले होते. पत्रात खोटं लिहिलं. तुम्ही पेढ्यांचा पुडा आणि नवं घड्याळ घेऊन होस्टेलच्या दारात उभे राहिलात, तेव्हा खरं सांगायला तोंडच उघडलं नाही.

माझं घोडं अडलं होतं षष्ठी विभक्तीत. कुणाचं काय, एवढंच तर सांगायचं, पण प्रत्येक वाक्य सरांच्या लाल शाईनं रंगून परत यायचं. आपल्याकडं मामांचा तांब्या, पण मामांची परात. वस्तू बदलली की शब्द बदलतो. मी जर्मनमध्येही वस्तूकडंच बघत बसले.

मग आपल्या कुसुमचं लग्न आलं. वऱ्हाड गेल्यावर गावातून मागून आणलेली भांडी परत करायची होती. मी तांब्यांत तांबे, परातींत पराती लावल्या नि ऐटीत बसले. दगडाआत्यानं सगळी रास मोडली. तिला वाचता येत नाही, पण भांड्यावर कोरलेल्या नावावरून बोट फिरवून घर ओळखते. म्हणाली, “भांडं काय बघायलीस? घर बघ.”

तिथंच डोक्यात प्रकाश पडला. जर्मनमध्ये मालक बघायचा. पुरुष असला तर ‘डेस’, बाई असली तर ‘डेर’, मग भांडं कोणतं का असेना. भगवानरावांचा हंडा, कस्तुराबाईंची परात, एकेका घराचा ढीग लावत मी पुटपुटत होते. आत्याला वाटलं, पोरगी मंत्र म्हणतेय.

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या रिकाम्या मनगटाकडं गेलं. घड्याळ कुठंय म्हणून विचारलं आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. इतकंच म्हणाली, “तुजं न्हाई म्हनून हातात घालवंना तुला. बरं हाय की.”

वर्षभर ते पेटीत कपड्यांखाली पडून आहे. परवा निकाल लागला, किती हलकं वाटलं म्हणून सांगू. तरी घड्याळ बांधायला हात धजेना. नुसतं पास होऊन ते माझं होत नव्हतं, तुम्हाला खरं कळायला हवं होतं. रागवा हवं तर, मी ऐकून घेईन. आता चौकातल्या पेटीत हे पत्र टाकते, तिथंच उभी राहून घड्याळाला चावी देते आणि मनगटावर बांधूनच परत येते.

तुमचीच,
रुख्मिणी