तुझं दुसरं डोहाळजेवण

आई, तुला लिहायला बसले आहे ती रागानं, हे आधीच सांगते. तू गेलीस तेव्हा मी परकर नेसत होते. आता तुझ्या दुप्पट वयाची झाले. इतक्या वर्षांत राग निवेल असं वाटलं होतं. निवला नाही.

चिक्कडपल्लीच्या आपल्या घरात बायका महिन्याचे तीन दिवस मागच्या खोलीत बाहेर बसायच्या. काकू बसायची, तिला तेवढाच आराम. तू मात्र चार-चार महिने बसत नसायचीस, त्यामुळे चूल कायम तुझ्या गळ्यात. माझ्या पाठीवर काही झालं नव्हतं, आणि बाबा निजामाच्या दफ्तरात चांगल्या हुद्द्यावर, तेव्हा आजीला नातू हवाच होता. मलकपेठच्या एका स्थळाचं नाव ती मुद्दाम तू वाढत असताना काढायची. बाबा मान खाली घालून जेवत राहायचे. दुसरी बायको करणं तेव्हा काही जगावेगळं नव्हतं.

त्या वर्षी तू सहा महिने बाहेर बसली नाहीस आणि अंगानंही सुटलीस. आजीनं ठरवून टाकलं की दिवस गेले. रातोरात तू लाडकी झालीस. चूल काकूकडे गेली, मलकपेठचा विषय बंद झाला, आणि तुझ्यापुढे तुपातला शिरा, डिंकाचे लाडू येऊ लागले. दोन जिवांची म्हणून तुला खायला घालण्यात घर गुंतलं होतं. तुझी तहान मात्र भागत नव्हती, आणि वरवंटा पडून पायाच्या अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती. म्हणून बाबांनी टांगा करून दिला आणि आपण दोघी नामपल्लीच्या बाजूला जनानी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तुझी लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर तापवली. निळं पाणी बघता बघता विटकरी झालं. मग त्यांनी दंडातून रक्त घेतलं, पोट चाचपलं. हनुवटीवरचे केस तू रोज चिमट्यानं उपटायचीस, तरी त्यांच्या बोटाला खुंट लागलेच. मला अजून दिसतं, तू पदर तोंडावर ओढतेस आणि त्या तुझा हात हळूच बाजूला करतात.

पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी तुला समोर बसवून सांगितलं, "ये हमल नै है अम्मा, पेट में बच्चा नै. खून में शक्कर है तुम्हारे. महिना रुकना, ये बाल, ये शक्कर, सब एकीच बीमारी है. मीठा नक्को, चावल कम करो. रोज सुई लेने आना पडता. नै तो पाँव जाता, जान बी जाती."

परतताना टांग्यात मी विचारलं, "घरी काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. पोट आहे म्हणू देत."

"पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की..."

"ऐकलं मी, बहिरी नाही. पोट आहे तोवर ती मलकपेठची दारात येत नाही. तू गप बैस बघ."

मग तुझं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने, आणि दुखरं पाऊल साडीखाली झाकून तू चौरंगावर बसलेली. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, म्हणून दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. तू उघडलीस त्यात पेढा होता. आजीनं तो तुझ्या तोंडात घातला, मग काकूनं आणखी एक, मग आलेल्या प्रत्येकीनं. तू एकीलाही नको म्हणाली नाहीस. माझ्याकडे तेवढं बघत नव्हतीस.

अंगठा काळा पडला, मग पाऊल. बाबांनी तुला दवाखान्यात नेलं तेव्हा तुला शुद्ध नव्हती. पोटात काहीच नव्हतं हे आजीला तिथं कळलं. आल्यागेल्याला मात्र तिनं सांगितलं, बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत मलकपेठची घरात आली. वाईट नव्हती बिचारी, माझ्या वेण्या घालायची.

आजीचा मला राग येत नाही, तिला काय कळत होतं. तुला कळत होतं. दवाखाना टांग्याच्या अंतरावर होता आणि त्या बाई रोज ये म्हणाल्या होत्या. एका बाईला दाराबाहेर ठेवायला तू मला आईवाचून ठेवलंस. हे आजवर मी कुणाशी बोलले नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीला दवाखान्यात नेलं. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, पाळी महिनोन्‌महिने येत नाही. आता रक्तात साखर मोजतात, चरबी मोजतात, आणखी कसलं कसलं मोजतात. घराण्यात असेल तर औषध वेगळं ठरवावं लागेल, असं सांगून डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्या आईला असं काही होतं का?"

"नाही," मी म्हणाले. "ती बाळंतपणात गेली."

लेकीची सासू पलीकडच्या खुर्चीवर बसली होती.