चिमीला घोटीला सोडलं

नाशिक
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९८४

मुंबईहून रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मांजरापासून होणारा तो संसर्ग तुम्हाला पूर्वीच कधीतरी होऊन गेलाय. पोटातल्या या बाळाला त्याचा धोका नाही." मी विचारलं, आणि गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलेलं बाळ? म्हणाल्या, "ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

मग त्यांनी मांजराची चौकशी केली. आठवड्यापूर्वी सोडून आलो, म्हटलं.

"अहो, मी सोडायला कुठे सांगितलं होतं? मांजर घाण करतं ती राखेची पाटी दुसऱ्या कुणी रोज साफ केली, तुम्ही हात धुतले, मटण नीट शिजवलं, की झालं."

राखेची पाटी. सहा वर्षं चिमीची ती पाटी मीच साफ करत आले. मागच्या तपासणीला बाई त्या पाटीबद्दलच बोलत होत्या का? मला फक्त मांजर एवढंच ऐकू आलं. घरी येऊन सासूबाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी ती बया घराबाहेर काढा." ह्यांनी तिला पिशवीत घालून घोटीच्या बाजारात सोडलं. मी अडवलं नाही. पिशवीचं तोंड मीच बांधलं.

आज मी निरोप धाडला तसे हे कामावरून परस्पर घोटीला गेले. रिकाम्या हाताने परतले. भाताच्या गिरणीपाशी एक दिवस ओरडत बसली होती, असं तिथला हमाल म्हणाला. नंतर कुणाला दिसली नाही.

बाळ सुखरूप आहे, तरी रडू थांबेना. सासूबाईंनी विचारलं, "आता काय झालं?"

आनंदाने येतंय, म्हटलं.