भिंतीच्या सावलीतली निळी ॲनिमोनी

ॲबरफेल्डी,
१४ मार्च

प्रिय बाबा,

नमस्कार. इथे सगळं ठीक आहे. डोंगरावर अजून बर्फ दिसतो. तुमचा खोकला बरा असावा, हे आईने लिहायला सांगितलं.

निळी ॲनिमोनी मेली, याचं मला नवल नाही. घर सोडताना तुम्ही तिचा अर्धा गड्डा उपटून नेलात आणि उंचावरचं फूल म्हणून खडीच्या वाफ्यात, भर उन्हात लावलात. डोंगरी फुलं वाढवणाऱ्यांच्या क्लबात इतकी वर्षं पडद्यावर चित्रं दाखवून भाषणं दिलीत. पण ही वितळत्या बर्फाच्या ओलीवर जगते, एवढं ध्यानात आलं नाही. आपल्या उत्तरेच्या भिंतीखाली ती जगली, कारण आईने तिथली पालापाचोळ्याची माती कधी सुकू दिली नाही. तुम्ही फक्त कुंडी प्रदर्शनाच्या हॉलपर्यंत न्यायचात. आणि पदक घरी आणायचात.

आता एप्रिलच्या प्रदर्शनासाठी तुम्हाला आमचं झाड हवंय. नियमाप्रमाणे झाड सहा महिने स्वतःकडे असावं लागतं, म्हणून मी सेक्रेटरीला लिहायचं की ते तुमचंच आहे, इथे नुसतं ठेवलंय. मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. खोटे निष्कर्ष लिहून देत नाही.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं.

"दे की गं त्याला. क्लबात कुणाचं मेलं तर आपण देतोच ना?"

"मेलं नाही, त्यांनी मारलं."

"जीभ अगदी बापाची घेतलीस," म्हणाली आणि हसली.

हसताना तिला धाप लागते. हे कळवायचं नव्हतं. हिवाळ्यापासून ती वाफ्यापर्यंत चालू शकत नाही. पाणी मी घालते, ती खिडकीतून "अगं मुळाशी, मुळाशी! पानांना आंघोळ नको!" असं ओरडते. डॉक्टर पुढच्या वसंताचा विषय काढत नाहीत.

क्लबाच्या रीतीप्रमाणे तुम्हाला फुटवा मिळेल, प्रदर्शन झाल्यावर. झाड मी आईच्या नावाने नोंदवलं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून हॉलमध्ये नेणार आहे. यायचं तर या. ती फुलाआधी तुमच्याकडे बघेल, हे मला माहीत आहे, आणि ते मला सहन होत नाही. तुम्ही निदान आधी झाडाशेजारच्या कार्डावरचं नाव वाचा. मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं.

इश्बेलची मुलगी,
मोराग