मखमली पडदा काढायचा आहे

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. पुढे धावपळ नको म्हणून आत्ताच सुरुवात.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून ‘मखमली पडदा’ काढून टाकायचा आहे. एक सीन संपला की झालरवाला लाल पडदा बंद होतो, परत उघडतो आणि दुसरा सीन सुरू. गेल्या वर्षभरात हा पडदा जगात अकरा जणांनी वापरला. त्यातल्या दोघांना मी फोन केला. दोघांच्याही हातून चुकून दाबला गेला होता.

सात वर्षं हा पडदा माझ्या गळ्यात आहे. मॅडम म्हणाल्या, महिनाअखेरीपर्यंत काढून दाखवा, मग तुम्हाला चौथ्या मजल्यावरच्या नव्या टीममध्ये घेते. चौथ्या मजल्याला तीन बाजूंनी खिडक्या आहेत. माझी खोली तळमजल्यावर, खिडकी एकही नाही, आणि एसी बरोबर माझ्या मानेवर ठिबकतो.

दोन दिवसांचं काम. हातचा मळ.

मंगळवार, ४ मार्च

बायकोला सांगितलं, बढती झाली. ती म्हणाली, झाली की होणार आहे? असल्या बारीकसारीक शंका काढणारी माणसंच आयुष्यभर तळमजल्यावर राहतात. तसं तिला बोललो नाही. आज भांडायचा मूड नव्हता.

बुधवार, ५ मार्च. दुपार

पडदा काढला! चहा गार व्हायच्या आत.

संध्याकाळ

पडदा काढल्यापासून सगळ्या व्हिडिओंचा आवाज गेलाय. पडदा परत लावला, आवाज आला. निव्वळ योगायोग.

गुरुवार, ६ मार्च

परत काढला. परत सगळे मुके. योगायोग दोनदा होऊ शकतो.

शोधलं तेव्हा कळलं. पूर्वी कोणीतरी आवाजाचं सगळं कामकाज पडद्याच्या फाइलमध्ये कोंबून ठेवलंय. त्या माणसाला त्या वर्षी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून घड्याळ मिळालं होतं. मला कधी मिळालं नाही. का ते आज समजलं.

शुक्रवार, ७ मार्च

जबरदस्त आयडिया. मशीनला एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. पडदा लाव, काढ, लाव, काढ, आणि आवाज नेमका कुठे तुटतो ते टिपून ठेव. शनिवार-रविवार मशीन राबेल, मी आराम करेन. याला म्हणतात मॅनेजमेंट.

समोरच्या टेबलावरच्या ढापण्यानं लगेच नाक खुपसलं. तो आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो, आणि चौथ्या मजल्यावर त्याचाही डोळा आहे. म्हणाला, अरे, ही ग्राहकांची प्रत आहे, हिच्यातला प्रत्येक वापर मोजला जातो. टेस्टिंगची प्रत घे. टेस्टिंगची प्रत उघडेपर्यंत माणसाचे केस पिकतात. मी त्याला म्हटलं, बघू. जळतो मेला.

सोमवार, १० मार्च

गाठ सापडली आणि सोडवली. पडदा नाही, तरी आवाज खणखणीत! मॅडमना गुरुवारी दाखवायचं ठरलं. खात्री असावी म्हणून मशीन तोपर्यंत चालूच ठेवलंय. ड्रॉवर रिकामा केला. खालच्या कप्प्यात तीन चमचे निघाले, एकही माझा नाही.

गुरुवार, १३ मार्च

मॅडमनी डेमो बघितलाच नाही. म्हणाल्या, थांबा, पडद्याला हात लावू नका. गेल्या आठवड्यात त्याचा वापर लाखांत गेलाय. मार्केटिंगवाल्यांनी आलेख काढून आणला होता, त्यातली रेघ जिन्यासारखी चढत गेलेली. त्यांच्या मते लोकांना जुन्याची ओढ लागली आहे. मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, मला हे आधीपासूनच वाटत होतं.

असं का म्हणालो ते माहीत नाही. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि बरं वाटलं.

टेबलाशी येऊन बसलो. समोर माझं मशीन. पडदा लाव, काढ, लाव, काढ. एसी ठिबकत असूनही घाम फुटला.

मशीन बंद केलं. उद्या सगळं स्पष्ट सांगणार. खरं बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

सांगायला गेलो तर केबिनमध्ये मोठे साहेब. त्यांनी चक्क उठून हात मिळवला. म्हणाले, सात वर्षं कोणी विचारत नसताना या माणसानं पडदा जपला, कंपनी अशांवर चालते. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अशा वेळी सांगणं म्हणजे साहेबांचा अपमान. सोमवारी सांगू.

सोमवार, १७ मार्च

मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी विचारलं, गुरुवारपासून वापर एकदम शून्यावर कसा आला? मी म्हणालो, लोक सुट्टीला जातात, येतील परत.

मशीन चालू केलं. फक्त आजच्यापुरतं.

मंगळवार, १८ मार्च

फक्त आजच्यापुरतं.

बुधवार, १९ मार्च

बढती झाली. ‘पडदा विभाग’ नावाचा नवा विभाग, मी त्याचा प्रमुख. विभागात आणखी कोण, असं विचारलं. तूर्तास तुम्हीच, मॅडम म्हणाल्या. मग धीर करून चौथ्या मजल्याचं विचारलं. मॅडम मनापासून हसल्या. तुम्ही वर गेलात तर पडद्याकडे कोण बघणार, म्हणाल्या. वरच्या जागेवर ढापण्याला घेतलंय.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी डोळे पुसत असताना शिपाई आत आला, त्याला म्हटलं, एसी बघ जरा किती गळतोय.

घरी बायकोनं विचारलं, खिडकी मिळाली का? अख्खा विभाग मिळाला, म्हणालो. तिनं खिडकीचं परत विचारलं नाही. ते जास्त लागलं.

सोमवार, २४ मार्च

साहेबांचं टार्गेट आलं. पुढच्या महिन्यात वापर दुप्पट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर नोकरी जाते, नाही सांगितलं तर पडदा जात नाही.

ढापण्या त्याचं सामान न्यायला आला. माझ्या मशीनकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, अजून वेळ गेली नाही, चल, आत्ता मॅडमकडे जाऊ, मी येतो बरोबर. अर्ध्या तासाची बोलणी खाशील आणि मोकळा होशील. दहा मिनिटं माझ्याजवळ उभा होता. मी म्हटलं, तू तुझं बघ. मला दया दाखवतोय! खांद्यावर हात ठेवून गेला. वर जायला लिफ्ट लागते, तिचा आवाज माझ्या खोलीत ऐकू येतो. आज पहिल्यांदाच लक्ष गेलं.

गुरुवार, २७ मार्च

नवा नियम आला. मशीननं आपोआप केलेला वापर यापुढे मोजायचा नाही, माणसाच्या हातानं केलेलाच धरायचा.

सुटलो! आता लपवाछपवीच नको. मशीन कायमचं बंद. यापुढे सगळं चोख आणि प्रामाणिक. मी स्वतः हातानं करणार.

शनिवार, २९ मार्च

मनगट सुजलंय. बायकोनं शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि विचारलं, असं करता तरी काय दिवसभर? ते गोपनीय आहे म्हणालो. माऊस डाव्या हातात घेतला. डावा हात आयुष्यभर रिकामा बसून होता, त्यालाही वळण लागेल.

रविवार, ३० मार्च. संध्याकाळ

कंपनीचा लॅपटॉप घरी आणलाय. घरातले बाकीचे बाहेर फिरायला गेले. मुलगी तेवढी माझ्यासाठी थांबली, शेजारी खुर्ची ओढून बसली. बाबा, हा पडदा उघडल्यावर आत काय असतं, असं विचारत होती. काही नसतं, म्हणालो, परत बंद करायचा असतो. तिनं चार-पाच वेळा बघितलं. मग म्हणाली, चला ना, अजून उजेड आहे, आई वगैरे सगळे कोपऱ्यावरच असतील.

हे एवढं संपवून येतो म्हणालो. ती बूट घालून दारात उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग एकटीच पळत गेली.